कपाशीवरचा थेंब आणि पाटणकरांचे गणित

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यातील पऱ्हाटी नेहमीपेक्षा उंच वाढली होती. अनेक वावरांत ती माणसाच्या छातीला लागली, काही ठिकाणी डोक्याच्याही वर गेली. एरवी पाठीवर पंप घेतलेला माणूस नोझल कमरेच्या पातळीवर धरतो आणि फवारा खाली पडतो. त्या वर्षी हात वर करून फवारावे लागले. दमट उकाडा, घामाने अंगाला चिकटलेला सदरा, तोंडाला फार तर रुमाल, आणि आपणच उडवलेल्या धुक्यातून पुढची ओळ धरायची. जुलै ते ऑक्टोबर या काळात जिल्ह्यातील शेकडो शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने रुग्णालयात दाखल झाले. वीसहून अधिक माणसे दगावली. राज्य सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले.

त्या वेळी चर्चा झाली ती कीटकनाशकांच्या मिश्रणांची, दुकानदारांच्या सल्ल्यांची, हातमोजे आणि चष्म्यांच्या अभावाची. ती चर्चा रास्तच होती. (आपल्याकडे या विषाला सर्रास ‘औषध’ म्हणतात, हेही त्या शोकांतिकेचे एक कारण मानावे लागेल.) पण या सगळ्याच्या तळाशी एक निखळ भौतिकशास्त्राचा प्रश्न होता आणि त्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले: नोझलमधून सुटलेला थेंब जातो कुठे?

आज एखादा नवखा स्टार्टअप फवारणीचे यंत्र किंवा ड्रोन तयार करू पाहतो, तेव्हा हा प्रश्न तो वावराच्या आधी संगणकाला विचारू शकतो. त्यासाठीची सॉफ्टवेअरे तयार मिळतात. त्यांच्या गाभ्यात बसलेली एक युक्ती १९७२ साली लंडनमधून प्रसिद्ध झाली आणि तिच्या दोन कर्त्यांपैकी एक होते पुण्याचे सुहास पाटणकर. आपल्याकडे इतिहास म्हटला की गड, तह आणि लढाया आठवतात. हा धागा एका समीकरणाचा आहे. थोडा धीर धरा, वाट यवतमाळलाच परत येते.

आधी थेंबाचे मोजमाप पाहू. एका मायक्रॉनचे हजार पट म्हणजे एक मिलिमीटर. २०० मायक्रॉन व्यासाचा पाण्याचा थेंब स्थिर हवेत सेकंदाला साधारण ७० सेंटिमीटर या गतीने खाली येतो. १०० मायक्रॉनचा थेंब पाव मीटरच्या आसपास, आणि ५० मायक्रॉनचा जेमतेम सात-आठ सेंटिमीटर. आता हे तिघे दीड मीटर उंचीवरून सुटले आणि वारा सेकंदाला दोन मीटर, म्हणजे अगदी झुळूक म्हणावी इतकाच आहे, असे धरा. पहिला चार-पाच मीटरवर जमिनीला टेकेल. दुसरा दहा-अकरा मीटरवर. तिसरा चाळीस मीटर दूर, म्हणजे धुरा ओलांडून शेजाऱ्याच्या वावरात. शिवाय उन्हाच्या वेळी थेंब वाटेतच सुकून लहान होतो, आणि जितका लहान तितका जास्त तरंगतो. एक लिटर पाण्याचे १०० मायक्रॉनचे थेंब केले तर ते सुमारे १९० कोटी भरतात. त्यांतला प्रत्येक आपापल्या वाटेने जातो.

हा झाला सपाट, एकसारख्या वाऱ्याचा हिशेब. तो वहीत करता येतो. परंतु वावरात वारा एकसारखा नसतो. पऱ्हाटीच्या ओळी त्याला अडवतात, माणसाच्या पाठीमागे भोवरे पडतात, तापलेल्या काळ्या मातीवरून हवा वर उठते. अशा हवेची गती बिंदूबिंदूला काढायची, तर एकोणिसाव्या शतकातील दोन नावांपाशी जावे लागते: फ्रान्सचा नाविए आणि ब्रिटनचा स्टोक्स. नाविएने १८२२ मध्ये आणि स्टोक्सने १८४५ मध्ये वाहत्या द्रवाची समीकरणे मांडली. धूर, पाणी, रक्त, मॉन्सून, सगळे त्यांत बसते. अडचण एवढीच की ती सर्वसाधारणपणे सोडवता येत नाहीत. त्यांची उत्तरे कायम सुरळीत राहतात की नाही एवढे सिद्ध करणाऱ्याला अमेरिकेतील क्ले संस्थेने २००० साली दहा लाख डॉलरचे बक्षीस जाहीर केले.

मग तुकडे करून सोडवायचे. सगळ्या हवेचे चौकोनी तुकडे पाडायचे, प्रत्येकात हिशेब मांडायचा, आणि आकडेमोडीने पुढे जायचे. हे धाडस पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर केले लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत होता, आणि मधल्या वेळात २० मे १९१० या एका दिवसाचे मध्य युरोपातील हवामान हाताने गणित करून काढत होता. त्याचे हस्तलिखित लढाईच्या धामधुमीत हरवले आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले! सहा तासांच्या अंदाजासाठी आठवड्यांमागून आठवडे आकडेमोड झाली. उत्तर आले की हवेचा दाब सहा तासांत सुमारे १४५ मिलिबारने बदलेल. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळजवळ हललाच नव्हता. रिचर्डसनने हे अपयश १९२२ च्या आपल्या पुस्तकात प्रामाणिकपणे छापले. असा प्रामाणिकपणा विज्ञानाच्या इतिहासातही रोज भेटत नाही.

रिचर्डसनला दगा दिला तो दाबाने, आणि पुढची पन्नास वर्षे प्रवाहाची आकडेमोड करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला दाबानेच छळले. कारण समजून घेण्यासारखे आहे. हवेच्या वा पाण्याच्या गतीसाठी समीकरण आहे, तापमानासाठी आहे, पण संथ प्रवाहात दाबासाठी स्वतःचे असे समीकरणच नाही. दाब गतीला ढकलतो हे खरे, पण दाब किती हे सांगणारा कोणी नाही. उरते ती फक्त एक अट: कोणत्याही तुकड्यात जितके आत येईल तितके बाहेर गेले पाहिजे.

ओलिताच्या शेतकऱ्याला ही अट कोणी शिकवावी लागत नाही. पाटाचे पाणी वाफ्यात सोडले, वाफा भरलेला असला, तर जितके येते तितके पुढच्या वाफ्यात गेलेच पाहिजे. तसे होत नसेल तर कुठेतरी बांध फुटतो. आता कल्पना करा की वावरात हजारो वाफे आहेत, सगळे काठोकाठ भरलेले आहेत, आणि प्रत्येकाच्या चारही बाजूंना दारे आहेत. कोणत्या दारातून किती पाणी जाते हे त्या वाफ्यांतील दाबावर ठरते, आणि दाब ठरतो तो सगळ्या दारांतून एकाच वेळी जाणाऱ्या पाण्यावरून. कुठून सुरुवात करायची?

१९६५ मध्ये अमेरिकेच्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेतील हार्लो आणि वेल्च यांनी यातली एक गाठ सोडवली. तोवर दाब आणि गती दोन्ही वाफ्याच्या मध्यावर मांडत. त्यात एक विचित्र फसगत होई. दाबाचे आकडे १००, ५००, १००, ५०० असे आलटूनपालटून आले, तरी एक वाफा सोडून पलीकडच्याकडे पाहणाऱ्या गणिताला सगळीकडे सारखेच दिसे, आणि वेडेवाकडे उत्तर सपाट म्हणून खपून जाई. हार्लो आणि वेल्च यांनी दाब वाफ्याच्या मध्यात ठेवला आणि गती दारावर आणली. शेतकऱ्याने पहिल्याच दिवशी सुचवली असती अशी ही गोष्ट आहे. पण गणितात ती सुचायला वेळ लागला.

आता पाटणकर. सुहास पाटणकर यांचा जन्म १९४१ चा, पुण्याचा. १९६२ मध्ये ते पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून, म्हणजे आपल्या ‘सीओईपी’तून, पदवीधर झाले. १९६४ मध्ये आयआयटी मुंबईतून पदव्युत्तर शिक्षण घेतले. ती संस्था तेव्हा अवघ्या सहा वर्षांची होती. तिथून ते लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात ब्रायन स्पाल्डिंग यांच्याकडे गेले आणि १९६७ मध्ये डॉक्टरेट मिळवली. स्पाल्डिंग हे ज्वलन आणि उष्णतावहन या विषयांतले बडे प्रस्थ. त्यांच्या गटाचा ध्यास एकच होता: भट्टी, बॉयलर, टर्बाइन यांच्या आत काय घडते ते यंत्र न बांधता काढता आले पाहिजे. कार्डांवर भोके पाडून प्रोग्राम द्यायचे आणि निकालाची वाट पाहायची, असा तो काळ.

१९७२ मध्ये पाटणकर आणि स्पाल्डिंग यांचा त्रिमितीय प्रवाहांच्या गणनेवरचा निबंध उष्णतावहनाच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. त्यातील पद्धतीचे लांबलचक नाव ‘सेमी-इम्प्लिसिट मेथड फॉर प्रेशर-लिंक्ड इक्वेशन्स’. आद्याक्षरे जोडली की ‘सिंपल’. नावात थोडा खट्याळपणा आहे खरा, पण पद्धत नावाला जागते.

ती अशी. दाब माहीत नाही ना? मग सरळ अटकळ बांधा. काहीही धरा, सगळीकडे शून्य धरलात तरी चालेल. त्या खोट्या दाबावरून प्रत्येक दारातील गती काढा. ती चुकणारच. किती चुकली हे प्रत्येक वाफाच सांगेल: या वाफ्यात जास्त पाणी आले, त्यातून जास्त गेले. जिथे जास्त आले तिथे दाब थोडा वाढवा, जिथे जास्त गेले तिथे कमी करा. नव्या दाबाने पुन्हा गती काढा. पुन्हा हिशेब तपासा. शंभर वेळा, हजार वेळा. प्रत्येक फेरीत तूट कमी होत जाते, आणि सगळ्या वाफ्यांचा जमाखर्च जुळला की थांबा.

यातील खरी करामत मात्र एका गाळलेल्या पदात आहे. एका दारातील गती दुरुस्त करताना शेजारच्या सगळ्या दारांतील दुरुस्त्या विचारात घ्याव्या लागतात, आणि त्यांच्यासाठी त्यांच्या शेजाऱ्यांच्या. हा गुंता संपत नाही. पाटणकर आणि स्पाल्डिंग यांनी शेजाऱ्यांच्या दुरुस्त्यांचे पद चक्क टाकून दिले. वरवर पाहता ही लबाडी वाटते. पण विचार करा: हिशेब जुळतो तेव्हा करायची दुरुस्ती शून्य होते, आणि शून्य दुरुस्तीचे गाळलेले पदही शून्यच असते. वाट वाकडी झाली तरी मुक्काम तोच राहतो. दंड एवढाच की दर फेरीत सुचलेली दुरुस्ती सगळी घ्यायची नाही, थोडीच घ्यायची; नाहीतर आकडे उधळतात. आजच्या सॉफ्टवेअरांत दाबासाठी ०.३ हा गुणक पुन्हा पुन्हा दिसतो, तो याचसाठी. दहा पावले सुचली तर तीनच टाकायची.

हे एकट्या पाटणकरांचे श्रेय नव्हे. हार्लो यांची जाळी, त्याच सुमारास अमेरिकेत कोरिन यांनी मांडलेली जवळची पद्धत, स्पाल्डिंग यांच्या गटातील इतरांचे काम, हे सगळे त्यात आहे. पण ती पद्धत जगभरच्या अभियंत्यांच्या हातात जी पोचली ती बरीचशी १९८० च्या पाटणकरांच्या पुस्तकामुळे. आयआयटी कानपूर आणि कॅनडातील वॉटर्लू येथेही काम करून ते तोवर अमेरिकेच्या मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक झाले होते. पुस्तक दोनशे पानांच्याही आतले. त्यात अवघड गणित जवळजवळ नाहीच. प्रत्येक पायरीला विचारलेला प्रश्न एकच, हा आकडा व्यवहारात शहाणपणाचा दिसतो का? ज्या कोणी हा विषय विद्यार्थी म्हणून शिकला आहे, त्याच्या टेबलावर हे पुस्तक कधी ना कधी असतेच.

इथून ही कथा प्रयोगशाळेतून बाजारात येते. १९७४ मध्ये स्पाल्डिंग यांनी ‘चॅम’ ही कंपनी काढली. तोवर प्रत्येक कारखान्यासाठी नवा प्रोग्राम लिहिला जाई. बॉयलरसाठी एक, भट्टीसाठी दुसरा. १९८१ मध्ये चॅमने ‘फिनिक्स’ हे सर्वसाधारण वापराचे सॉफ्टवेअर विक्रीला आणले. दोनच वर्षांनी, १९८३ मध्ये, अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातील क्रिएर या छोट्या अभियांत्रिकी कंपनीने शेफील्ड विद्यापीठातील कामाच्या आधारे ‘फ्लुएंट’ काढले. त्या काळी या कंपन्याही आजच्या भाषेत स्टार्टअपच होत्या. फ्लुएंट २००६ मध्ये ॲन्सिस या बड्या कंपनीत विलीन झाले. आज ते उघडून दाबाची पद्धत निवडू लागलात, तर यादीत ‘सिंपल’ हे नाव दिसते. त्या सॉफ्टवेअरवर पुण्यातील हिंजवडीतही अभियंत्यांनी काम केले आहे. पाटणकर ज्या शहरातून निघाले, तिथेच त्यांची युक्ती नोकरी म्हणून परतली.

खुद्द पाटणकरांनीही १९८७ मध्ये मिनेसोटात ‘इनोव्हेटिव्ह रिसर्च’ नावाची कंपनी स्थापन केली. तिचे सर्वांत गाजलेले काम डेटा सेंटरांसंबंधीचे आहे. संगणकांच्या रांगा असलेल्या खोलीत फरशी उचललेली असते. तिच्याखालून थंड हवा सोडतात आणि छिद्रांच्या फरश्यांमधून ती वर येते. सगळ्यांची समजूत अशी की वातानुकूलन यंत्राच्या जवळच्या फरशीतून सर्वांत जास्त हवा येणार. गणित उलट सांगते. यंत्राजवळ फरशीखालची हवा इतक्या जोरात आडवी धावते की तिथला दाब उतरतो. जवळच्या फरशीतून हवा कमी येते, कधी तर खोलीतलीच हवा खाली ओढली जाते. दूरच्या फरश्यांना भरपूर मिळते. हे आधी कळले तर फरश्यांची मांडणी बदलता येते. नंतर कळले तर तापलेले संगणक बंद पडतात. कंपनीने यासाठी ‘टाइलफ्लो’ नावाचे खास सॉफ्टवेअर काढले.

मला या उदाहरणाचे महत्त्व वाटते ते दुसऱ्याच कारणाने. नव्या उद्योगाला सॉफ्टवेअर नेमके काय देते, हे त्यात स्वच्छ दिसते. चांगल्या अभियंत्याची अंतःप्रेरणा दहापैकी नऊ वेळा बरोबर असते. दहाव्या वेळी ती ज्या फरशीवर चुकते, ती फरशी आधी दाखवणे हे या साधनाचे काम. मोठ्या कंपनीला दहावी चूक परवडते. दोन खोल्यांत, चार मित्रांच्या बचतीवर चालणाऱ्या उद्योगाला ती बुडवते.

आणि इथेच बराच काळ अडले होते. ही सॉफ्टवेअरे भयंकर महाग होती. विमान आणि मोटार बनवणाऱ्यांसाठी ती होती. जिल्ह्याच्या ठिकाणच्या पोरांसाठी नव्हती. बदल झाला तो पुन्हा इम्पीरियल कॉलेजातूनच. तिथे १९९० च्या दशकात आकाराला आलेला एक प्रोग्राम २००४ च्या डिसेंबरात ‘ओपनफोम’ या नावाने मुक्त परवान्याखाली खुला करण्यात आला. एक रुपयाही न देता तो उतरवून घेता येतो, उघडून पाहता येतो, बदलता येतो. त्यातील स्थिर प्रवाहाच्या हिशेबासाठी जी आज्ञा टंकावी लागते तिचे नाव आहे ‘सिंपलफोम’. १९७२ चा निबंध आज लॅपटॉपवरचा एक शब्द झाला आहे.

आयआयटी मुंबईचा ‘फॉसी’ प्रकल्प अशा मुक्त सॉफ्टवेअरांचा देशभर प्रसार करतो, ओपनफोमचाही. त्याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात अनेक सॉफ्टवेअरांचे धडे मराठीसह भारतीय भाषांत ऐकायला मिळतात. व्यापारी कंपन्यांनीही आता नव्या स्टार्टअपांना पहिली काही वर्षे सवलतीत परवाने देण्याच्या योजना काढल्या आहेत. त्यात त्यांचा स्वार्थ आहेच; ज्याला विद्यार्थिदशेत एका सॉफ्टवेअरची सवय लागली, तो पुढे मोठा झाल्यावर तेच विकत घेतो.

आता यवतमाळला परत येऊ. २५ ऑगस्ट २०२१ रोजी देशात नवे ड्रोन नियम लागू झाले. त्याच वर्षी डिसेंबरात ड्रोनने कीटकनाशके फवारण्याची कार्यपद्धती केंद्र सरकारने जाहीर केली. २०२३ च्या अखेरीस ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेला मंजुरी मिळाली. १५,००० महिला बचत गटांना ड्रोन, तरतूद १,२६१ कोटी रुपये. ड्रोन बनवणारे अनेक भारतीय स्टार्टअप या काळात उभे राहिले. २०१७ च्या डोळ्यांनी पाहिले तर फायदा उघड आहे: माणूस धुक्यात चालत नाही, बांधावर उभा राहतो.

पण थेंब? ड्रोनची टाकी साधारण दहा लिटरची, आणि एकरी तेवढ्यातच काम भागवायचे असते. पाठीवरच्या पंपाने त्याच एकराला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागते. कीटकनाशकाची एकरी मात्रा मात्र तीच. म्हणजे ड्रोनमधून सुटणारा प्रत्येक थेंब पंधरा-वीस पट तीव्र. तो भरकटला तर धुऱ्यापलीकडे निंदण करणाऱ्या बाईच्या अंगावर किंवा बांधावरच्या जनावराच्या चाऱ्यावर जे पडेल, ते २०१७ च्या धुक्याहून जास्त जहाल असेल.

तेव्हा पंख्याखालची हवा पाहावी लागते. २५ किलोचा ड्रोन हवेत तरंगायचा तर त्याला तितक्या वजनाच्या जोराने हवा खाली ढकलावी लागते. चार पंखे, प्रत्येकाचा व्यास पाऊण मीटर धरला, तर साध्या सूत्राने पंख्यातून जाणाऱ्या हवेची गती सेकंदाला सुमारे साडेसात मीटर येते. ताशी २७ किलोमीटर. हा झोत थेंबाला खाली दाबतो, पाने उलटीपालटी करतो, पानांच्या मागे दडलेल्या किडीपर्यंत फवारा पोचवतो. तोच झोत जमिनीला आपटून चहूकडे पसरतो आणि कडेला वर वळतो. पंख्याच्या टोकांपाशी भोवरे असतात. नोझल त्यांच्या फार जवळ बसवले तर बारीक थेंब त्यांत सापडून वर उडतात. विमानाने फवारणाऱ्यांना हे फार आधी कळले होते. म्हणून फवाऱ्याची नळी पंखांच्या टोकापर्यंत नेत नाहीत, सुमारे तीन चतुर्थांश रुंदीत आवरतात. अमेरिकेत वनविभागासाठी १९८० च्या सुमारास थेंबांच्या भरकटण्याचा अंदाज देणारा ‘ॲगडिस्प’ हा प्रोग्रामही तयार झाला.

ड्रोनला मात्र चार, सहा, आठ पंखे, आणि त्यांचे झोत एकमेकांत मिसळणारे. जुने ठोकताळे इथे पुरेसे पडत नाहीत. नव्या उद्योगातील अभियंता काय करतो? संगणकावर ड्रोनचा आराखडा काढतो. भोवतालच्या हवेचे लाखो वाफे पाडतो, पंख्याजवळ बारीक, दूर मोठे. पऱ्हाटीला तो सच्छिद्र गादी मानतो, कारण प्रत्येक पान मांडणे अशक्य. मग हिशेबाला बसवतो आणि रात्रभर यंत्र चालू ठेवतो. सकाळी नोझल दहा सेंटिमीटर आत सरकवून पुन्हा. उंची दोन मीटरऐवजी तीन. वेग वाढवला तर झोत मागे कलतो आणि थेंब हवेतच राहतात, हे तिसऱ्या रात्री कळते. प्रत्येक फेरीला लोखंड, ॲल्युमिनियम, बॅटरी काहीच खर्ची पडत नाही. चुका होतात, पण त्या विजेच्या बिलात मावतात.

यात एक सापळा आहे, आणि तरुण वाचकांनी तो ओळखून ठेवावा. सॉफ्टवेअर कधीही ‘मला माहीत नाही’ म्हणत नाही. वाफे वेडेवाकडे पाडले, वाऱ्याची अट चुकीची दिली, तरी शेवटी निळ्या-तांबड्या रंगांचे देखणे चित्र येतेच. गुंतवणूकदाराला दाखवायला ते पुरते. शिवाय खळबळत्या हवेचे भोवरे ही सॉफ्टवेअरे बहुतेक वेळा थेट काढत नाहीत. सरासरी घेणारे एक ठोकळेबाज प्रारूप वापरतात, तेही याच स्पाल्डिंग यांच्या वर्तुळातून १९७० च्या दशकात रूढ झालेले. ते पाइपमध्ये उत्तम चालते. दुपारच्या तापलेल्या वावरात किती चालते, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते.

तपासण्याची पद्धत साधी आहे. पाण्याला संवेदनशील अशी पिवळी कागदी पट्टी मिळते. तिच्यावर थेंब पडला की तिथे निळा डाग उठतो. अशा पट्ट्या पऱ्हाटीच्या शेंड्याला, मधल्या पानांना आणि बुडाशी टाचतात. काही धुऱ्यावर खुंट्यांना लावतात, पाच मीटरवर, दहा मीटरवर, वीस मीटरवर. टाकीत निव्वळ पाणी भरून ड्रोन फिरवतात. मग पट्ट्या गोळा करून डाग मोजायचे, त्यांचे आकार पाहायचे, आणि संगणकाने सांगितलेल्या आकड्यांशेजारी मांडायचे. बुडाशी डाग कमी पडले असतील तर पिकाची गादी जास्त विरळ धरली गेली होती. वीस मीटरवरच्या खुंटीची पट्टी निळी झाली असेल, तर नोझल पुन्हा सरकवायचे, पुन्हा रात्रभर हिशेब, आणि सकाळी वारा पडलेला असताना पुन्हा वावरात.